वास जातो, नोंद होत नाही

२०२० मध्ये पुण्यातल्या आयसर संस्थेत निक्सन अब्राहम यांच्या प्रयोगशाळेने एक यंत्र तयार केले. नाकापाशी ठरावीक मात्रेत वेगवेगळे गंध सोडायचे आणि ते समोरच्याला कळतात का, ओळखता येतात का, हे मोजायचे, असे त्याचे काम. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने कोविडची लागण झालेल्या, पण कोणतेही लक्षण न दिसणाऱ्या लोकांची चाचणी झाली. त्यांतल्या बहुतेकांचे नाक मंदावलेले निघाले. आपल्याला वास कमी येतोय हे स्वतःहून जाणवलेले मात्र फार थोडे होते.

नजर अधू झाली की चष्मा लागतो, कान गेले की घरातल्यांना ओरडून बोलावे लागते. नाक गेल्याचे कुणालाच दिसत नाही. ‘बरेच झाले, गटाराचा वास तरी येत नाही,’ एवढ्या विनोदावर विषय संपतो. आरोग्यव्यवस्थेचेही यापेक्षा फारसे वेगळे नाही. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये वास आणि चव जाणे कोविडच्या लक्षणांच्या यादीत घातले, पण रोगाची खूण म्हणून. खूण मागे उरली तर त्या माणसाने कुठे जायचे, हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला नाही आणि साथ ओसरल्यावर तर तो राहूनच गेला.

बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परततो. त्याचे कारण हार्वर्डमधील संदीप दत्ता यांच्या गटाने २०२० मध्येच दाखवले. विषाणूला पेशीत शिरण्यासाठी लागणारे दार वास टिपणाऱ्या चेतापेशींवर नसते. ते त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर असते, आणि या पेशी नव्याने तयार होऊ शकतात. पण सगळेच इतके सुदैवी नसतात. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ३,६९९ रुग्णांची माहिती एकत्र तपासणाऱ्या अभ्यासानुसार कोविडमध्ये वास बिघडलेल्यांपैकी पाच-सहा टक्क्यांचा त्रास दीर्घकाळ टिकतो, आणि स्त्रियांमध्ये तो बरा होण्याची शक्यता कमी असते. शिवाय हे दुखणे कोविडनेच पहिल्यांदा आणलेले नाही. साध्या सर्दीच्या आणि फ्लूच्या विषाणूंनी त्याआधीही लोकांचे नाक नेले आहे. त्यांची कुणी दखल घेतली नव्हती, एवढेच.

असे रुग्ण डॉक्टरांकडे जातात तेव्हा तक्रार बहुधा ‘तोंडाला चव नाही’ अशी असते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या रश्श्यात लागते तशी एक चव, एवढेच कळते. बाकी सारे काम घास चावताना घशामागून वर चढणाऱ्या गंधाचे. तो नसेल तर आमरस नुसता गोड आणि गुळगुळीत लागतो. कोथिंबीर म्हणजे ओला पाला होतो, आणि गोडा मसाला घातलेली आमटी व न घातलेली आमटी यांत फरक उरतो तो रंगाचा. मग काहीतरी लागावे म्हणून मीठ-तिखटाचा हात सैल सुटतो. रक्तदाबाच्या रुग्णाला हे परवडणारे नसते. काहींचे जेवणच तुटते आणि वजन उतरते.

स्वयंपाक करणाऱ्याचे हाल तर आणखी वेगळे. लाडवासाठी बेसन किती भाजायचे, हे घड्याळ सांगत नाही. खमंग वास सुटला की आच कमी करायची, एवढीच शिकवण पिढ्यान्‌पिढ्या मिळत आली आहे. रव्याचे, भाजणीचे, लोणी कढवून तूप करण्याचेही तेच. नाक गेलेल्या बाईला हे सारे रंगावर करावे लागते आणि ते अनेकदा करपते. दूध नासायला आलेय का, कालची भाजी विटलीय का, हे दुसऱ्या कुणाला विचारावे लागते. तीस-चाळीस वर्षे घर रांधून वाढणाऱ्या बाईने नातवाला ‘हे हुंगून सांग रे’ म्हणावे, यातला अपमान बाहेरच्याला सहसा कळत नाही. आपल्या अंगाला घामाचा वास येत असेल का, ही धास्ती वेगळीच. चारचौघांत बसणे टाळण्यापर्यंत ती जाते.

वास परत येऊ लागल्यावरही सुटका होईलच असे नाही. काहींना तो विकृत होऊन येतो. कॉफी, कांदा, लसूण, अंडे, भाजलेले मटण यांना सडल्याची किंवा जळल्याची घाण येते. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या जेन पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीच्या वासातले घटक एकेक करून अशा रुग्णांना हुंगायला दिले. भाजण्याने तयार होणारी, अगदी अल्प मात्रेतही तीव्र असणारी गंधकयुक्त संयुगे त्यांत प्रमुख दोषी ठरली. मराठी घरात रोजच्या वाटणाची सुरुवातच कांदा-खोबरे भाजण्याने होते. फोडणी पडली की असा माणूस घराबाहेर पळतो आणि घरच्यांना ते नखरे वाटतात. खरे तर चातुर्मासात कांदा-लसूण न घालता रांधण्याची सवय कितीतरी घरांना आहे. तोच स्वयंपाक, थोडा गार करून, अशा माणसाला सोसू शकतो. पण हे सांगायला आधी कुणीतरी त्याचे म्हणणे खरे मानायला हवे.

धोका सगळ्यात जास्त गॅस आणि आगीचा. २००४ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियातल्या संशोधकांनी वास कमी झालेल्या रुग्णांची पाहणी केली, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक जणांवर एकदा तरी बाका प्रसंग आला होता. अन्न करपणे, खराब अन्न पोटात जाणे, गॅसची गळती न कळणे हे त्यांतले मुख्य प्रकार. जानेवारी २०२१ मध्ये टेक्सासमधील वेको शहरात एका घराला आग लागली. कोविडमुळे घरातल्या इतरांचा वास गेला होता. जिचे नाक शाबूत होते त्या किशोरवयीन मुलीला धूर जाणवला आणि तिने सगळ्यांना उठवले.

याच टेक्सासमध्ये, न्यू लंडन गावातल्या शाळेत, १९३७ मध्ये गंधहीन नैसर्गिक वायू साठून स्फोट झाला आणि सुमारे ३०० जण मेले. बहुतेक मुलेच होती. त्यानंतर इंधनवायूत मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याचे कायदे झाले. आपल्या सिलिंडरचा तो ओळखीचा वासही असाच बाहेरून घातलेला असतो. ही सारी सुरक्षा घरातल्या नाकांच्या भरवशावर उभी आहे, आणि एकटे राहणारे, नाक मंदावलेले वृद्ध तर घरोघरी वाढत आहेत.

दवाखान्यात मात्र स्पिरिटचा बोळा हुंगवून ‘येतोय ना वास?’ असे विचारले की तपासणी संपते. स्पिरिटची झोंबणी किंवा व्हिक्सचा गारवा चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या दुसऱ्याच चेतेला जाणवतो, त्यामुळे वास पूर्ण गेलेला माणूसही ‘येतोय’ म्हणू शकतो. परदेशी चाचणीसंच आणून भागत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या सुप्रसिद्ध वास-चाचणीत रूट बिअर या तिकडच्या पेयाचा वास ओळखायचा असतो. तो सांगली-साताऱ्यात कुणी कधी घेतलाय? आपल्याला हिंग, लवंग, चंदन, मोगरा यांवर आधारलेली स्वस्त चाचणी प्रत्येक नाक-कान-घसा विभागात हवी, आणि ती बनवण्याची कुवत पुण्याने दाखवली आहे.

उपचारही फार महाग नाही. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार गंध दिवसातून दोनदा, बारा आठवडे हुंगवून काही रुग्णांचा वास सुधारल्याचे दाखवले. त्याने सगळ्यांना गुण येतो असे नाही आणि चिकाटी भरपूर लागते. तरी २०२१ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांच्या एका गटाने स्टेरॉइडच्या गोळ्यांऐवजी याच सरावाची शिफारस केली. हा सराव समजावून सांगायला पाच मिनिटे लागतात. गर्दीच्या ओपीडीत तेवढी तरी मिळायला हवीत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत घ्राणशक्ती नाही. ती घालावी की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. आचारी, अत्तरविक्रेता किंवा चहाची पारख करणारा यांची रोजीच नाकावर चालते, त्यांच्यासाठी निदान चर्चा तरी व्हावी. त्याआधी करण्याजोगी एक साधी गोष्ट आहे. गॅस एजन्सीचा माणूस तपासणीला येतो, नळी आणि रेग्युलेटर पाहतो. त्याने घरात कुणाला वास येत नाही का, हेही विचारावे आणि असेल तर गळतीचा अलार्म बसवून द्यावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून अलार्म जमिनीलगत. पाइपने येणारा हलका, तिथे तो छताजवळ.