उदासिनीकरण आणि क्षार

आम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने क्षार व पाणी तयार होते. या क्रियेस उदासिनीकरण म्हणतात. हे वाक्य विद्यार्थी पाठ करतो आणि मनाशी ठरवतो की, ज्या अर्थी क्रिया उदासिनीकरणाची, त्या अर्थी क्षार उदासीनच असला पाहिजे. शब्दच तसे सुचवतो, आणि या दोषाचा काही वाटा आम्हां भाषांतरकारांकडे येतो. ‘क्षार’ या शब्दाचा घोटाळा तर याहून मोठा. मराठी शालेय पुस्तकांत क्षार म्हणजे मीठवर्गीय पदार्थ. हिंदीत त्यास लवण म्हणतात, आणि तेथे क्षार म्हणजे अल्कली. सुश्रुतसंहितेतील क्षारही वनस्पतींच्या राखेपासून काढलेला दाहक अल्कलीच होय. इंदूरच्या मराठी मुलाने दोन्ही भाषांतील पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तर त्याची काय त्रेधा उडेल!

यावर व्याख्येची डागडुजी हा उपाय नव्हे. शिक्षकाने व्याख्येआधी वर्गापुढे मीठ, नवसागर आणि धुण्याचा सोडा यांच्या द्रावणांच्या तीन परीक्षानळ्या ठेवाव्यात. पाणी ऊर्ध्वपातित असावे, आणि तेही उकळून, झाकून निववलेले. कारण हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड विरघळून ते किंचित आम्लधर्मी होते. नुसत्या पाण्याची चौथी नळी तुलनेसाठी हवीच. १०० मिलिलिटर पाण्यात अर्धा ग्रॅम नवसागर घातल्यास सामू ५ च्या आसपास येतो. १ ग्रॅम निर्जल सोडा घातल्यास तो ११ च्या वर जातो. नवसागरात निळा लिटमस सावकाश तांबूस होतो, सोड्यात तांबडा लिटमस तत्काळ निळा. हळद सोड्यात लाल होते खरी, परंतु मीठ आणि नवसागर यांत ती भेद करीत नाही. म्हणून केवळ हळदीवर भागवणे मला पसंत नाही.

कारण अवघड नाही. सोड्यातील कार्बोनेट आयन पाण्याकडून हायड्रोजन आयन ओढून घेतो व हायड्रॉक्साइड आयन मागे उरतात. नवसागरातील अमोनियम आयन उलट पाण्यास हायड्रोजन आयन देतो. मिठाचे दोन्ही आयन पाण्याच्या वाटेस जात नाहीत.

लिटमस निळा झालेला दिसत असतानाही वहीत ‘उदासीन’ लिहिणारा विद्यार्थी, किंवा बाटली अशुद्ध असेल म्हणून पुढे सरकणारा शिक्षक, या विषयातील मुख्य गोष्टच गमावतो. म्हणून प्रत्येकाने आपला अंदाज आधी वहीत लिहावा, मग कागद बुडवावा. आणि चारही नळ्या वर्गभर फिरून येईपर्यंत फळ्यावर समीकरण लिहू नये.