छतावरचा अलंकार

अलंकार म्हणजे अर्थावर चढवलेला साज, ही समजूत आपल्या वर्गांतून अजूनही शिकवली जाते. आम्हांस ती मान्य नाही. जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथील राजवाड्याचे छत या संदर्भात पाहण्याजोगे आहे. बाल्थाझार नॉयमानने रचलेल्या भव्य जिन्यावरील या छतावर व्हेनिसच्या तिएपोलोने १७५२-५३ मध्ये चार खंड स्त्रीरूपात रंगवले. जिना चढू लागलेल्या पाहुण्याला प्रथम मगरीवर बसलेली अमेरिका दिसते. पुढे बाजूंना हत्तीवरची आशिया व उंटावरची आफ्रिका. आणि मधल्या टप्प्यावर वळताच समोर युरोप. तिला मात्र वाहन नाही, आसन आहे. तिच्याही वर घरधन्याची, म्हणजे तेथील सत्ताधीश बिशपची, तसबीर आकाशात उचलून धरलेली. पाहुणा पायऱ्यांबरोबर जगाची एक उतरंडही चढत जातो.

हे चित्र अप्रतिम आहे, यात शंका नाही. आणि त्या सौंदर्यामुळेच ती उतरंड स्वाभाविक वाटू लागते. येथून साज उतरवला तर खाली निराळा अर्थ उरत नाही. साज हेच विधान आहे. म्हणूनच ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नापाशी न थांबता, तो अलंकार कोणाला कोठे बसवतो, हेही विद्यार्थ्यांना विचारले पाहिजे.