काटा दिसतो, गणित का दिसू नये?

मानवतच्या कापूस बाजारात माल काट्यावर चढला की शेतकऱ्याची नजर आकड्यावर खिळते. शंका आली तर तो मापाड्याला हटकू शकतो, कारण काटा सर्वांसमोर असतो. 2023 पासून मात्र पीक विम्यात, धान व गव्हापासून आरंभ होऊन, उत्पादनाचा अंदाज बांधताना उपग्रहाची चित्रे व संगणकीय प्रारूपेही हिशेबात धरली जाऊ लागली. हा नवा काटा शेतकऱ्याला दिसत नाही.

संगणकाचे उत्तर म्हणजे ब्रह्मवाक्य, असा समज रूढ होत आहे. वस्तुतः अनेक अवघड समीकरणे तो आधी एक अंदाज घेऊन व तो टप्प्याटप्प्याने सुधारत सोडवतो. न्यूटन-रॅफसन पद्धतीत पहिलाच अंदाज फसला तर उत्तर भलतीकडे जाऊ शकते. 0.1 ही साधी संख्याही द्विमान पद्धतीत नेमकी मांडता येत नाही. 1991 साली सौदी अरेबियातील दहरान येथे क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या घड्याळात हीच क्षुल्लक त्रुटी शंभर तास साचत गेली. इराकी क्षेपणास्त्र अडले नाही आणि 28 अमेरिकी सैनिक प्राणास मुकले. पद्धत कोठे फसते हे सांगणारी पुस्तिका म्हणूनच पद्धतीइतकी मोलाची आहे.

अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशातही सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या 'लिनपॅक'सारख्या आज्ञावल्या 1985 पासून 'नेटलिब' भांडारातून मागेल त्याला विनामूल्य मिळू लागल्या. ज्ञानाची सार्वजनिक मालकी हे दिवास्वप्न नव्हे. परंतु त्यांच्या पुस्तिका इंग्रजीत आहेत, आणि मानवतच्या विद्यार्थ्यापुढे कुलूप उघडे असूनही दार बंदच राहते. मुंबईच्या आय.आय.टी.ने मुक्त प्रणालींचे दृक्‌श्राव्य पाठ मराठीत आणून हे दार उघडता येते, हे दाखविले आहे.

शेतकऱ्याला समीकरणे कशाला, असे कोणी विचारील. काटा घडविता न येणाऱ्यालाही तो तपासण्याचा अधिकार असतोच! त्याच्या पदवी शिकणाऱ्या मुलीला पुस्तिका मिळाली, तर ती गावाच्या वतीने प्रश्न विचारील.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन मागण्या लावून धराव्यात. जनतेचे देणे ठरविणाऱ्या प्रत्येक गणनपद्धतीची गृहीतके व त्रुटींच्या मर्यादा मराठीत प्रसिद्ध व्हाव्यात. आणि 1967 च्या कायद्याखालील सार्वजनिक ग्रंथालयांत त्या ठेवल्या जाव्यात. हिशेब विचारता येत नसेल, तर हक्क कागदावरच राहतो.