मागचा आस

गेल्या रविवारी सकाळी एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीला माझ्या वर्गात होता. मराठीत जेमतेम पास. पण शाळेची विजेची घंटा बंद पडली की आम्ही शिक्षक त्यालाच हाक मारायचो. आता त्याने पन्नाशी गाठली आहे. वालीवच्या बाजूला एका गाळ्यात फॅब्रिकेशनची कामे घेतो. म्हणाला, "सर, गाडी झाली एकदाची. बघायला चला."

ही गाडी त्याने स्वतः बनवली आहे. सहा वर्षे, तीही रविवारी आणि रात्री. फार पूर्वी अलिबागला त्याने चिंकारा रोडस्टर पाहिली होती. अलिबागच्याच चिंकारा मोटर्सची ती उघडी, दोन माणसांची गाडी. अँबॅसडर-कॉन्टेसाला बसणारे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आणि रूप इंग्लंडच्या लोटस सेव्हनचे. ती लोटस १९५७ सालची. तिकडे लोक तिचे सुटे भाग विकत घेऊन घरीच जोडत, कारण तयार गाडीवरचा खरेदी कर त्यामुळे वाचत असे. याने चौकोनी पाइपांचा सांगाडा जोडला आणि जुन्या ओम्नी व्हॅनचे इंजिन नि मागचा अ‍ॅक्सल त्यात बसवला.

मी बी.ए. मराठीचा माणूस. इंजिनाबद्दल दोन शब्द कौतुकाचे बोललो, तर तो हसला. "इंजिन कोणीही बसवतो सर. खरी सहा वर्षे या मागच्या अ‍ॅक्सलने खाल्ली."

मग गाडीखाली टॉर्च मारून त्याने मला जे समजावले, ते मला जमेल तसे सांगतो. बैलगाडीचा आस गाडीला पक्का बांधलेला असतो. मोटारीचा आस मात्र वर-खाली हलला पाहिजे आणि तरीही पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकता कामा नये. ओम्नीत हे सगळे काम पाटे करतात. वजन तेच पेलतात, आस जागेवर तेच धरतात आणि गाडीने जोर घेतला की आसाचा पीळही तेच सोसतात. मालवाहू गाडीला हे चालते. हलक्या गाडीला ते व्हॅनचे पाटे फार कडक पडले. खड्ड्यात मागची चाके उड्या मारायची आणि वळणावर शेपूट आपल्या मनाने चालायचे.

म्हणून त्याने पाटे काढून कॉइल स्प्रिंगा लावल्या. पण स्प्रिंग फक्त वजन पेलते, आस धरत नाही. मग दोन दांड्या खाली, दोन वर अशा चार लावल्या. आसाचे पुढे-मागे सरकणे आणि पीळ खाणे थांबले. आडवे सरकणे थांबवायला पाचवी, आडवी दांडी लावली. तिचे एक टोक सांगाड्याला, दुसरे आसाला. तिला पॅनहार्ड रॉड म्हणतात. तरीही गाडी डाव्या वळणावर एक बोलायची, उजव्या वळणावर दुसरेच!

चूक सापडायला वर्ष गेले, आणि ती नववीच्या भूमितीची निघाली. एका टोकाला बांधलेल्या दांडीचे दुसरे टोक सरळ रेषेत नव्हे, वर्तुळाच्या कंसात फिरते. समजा, दांडी एक मीटर लांब आणि अगदी आडवी आहे. चाके पाच सेंटिमीटर वर गेली तर आस जेमतेम सव्वा मिलिमीटर बाजूला सरकतो. पण दांडीचे एक टोक आधीच दहा सेंटिमीटर वर असेल, तर तेवढ्याच धक्क्याला आस सहा मिलिमीटरांहून जास्त सरकतो. म्हणजे पाचपट! (पायथागोरसने पडताळून पाहा, मीही पाहिले.) त्याची दांडी तिरपी होती आणि आखूडही. दोन्ही सुधारले. खालच्या दांड्यांचा उतारही कमी केला, कारण गाडी कलली की त्या उतारामुळे एक चाक पुढे, एक मागे जाऊन आसच वळत होता.

यावर आणखी एक उपाय आहे. जेम्स वॉटने १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी शोधलेली दांड्यांची जोडणी, जी टोकाला जवळजवळ सरळ रेषेत चालवते. आपल्या सगळ्या शोधांत या जोडणीचा वॉटला सर्वांत जास्त अभिमान होता. २०२२ मध्ये आलेल्या महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एन मध्ये मागच्या आसाला तीच आहे, आणि ती गाडी आपल्या चाकणला बनते. थोरांच्याही चुका होतात. १९६३ च्या लोटस कॉर्टिनाचा मागचा आस ज्या त्रिकोणी दांडीने धरला होता, तिच्या ताणाने डिफरन्शियलमधून तेल गळू लागले आणि १९६५ मध्ये कंपनी मुकाट्याने पाट्यांवर परतली.

असो. चहा झाल्यावर तो हळूच म्हणाला, "सर, रात्री अकरानंतर आचोळे रोडला कोण बघतंय? एक फेरी मारू या. तुम्ही बाजूला बसा."

मी नाही म्हणालो. त्याचा चेहरा उतरला. तो काही न बोलता गाळ्याचे शटर ओढू लागला. तेव्हापासून मला चैन नाही.

नाही म्हणालो ते बरोबरच होते. ज्या गाडीची नोंदणी नाही, विमा नाही, तिच्यासमोर कोणाचे पोर आले तर? पण त्या गाडीची नोंदणी होणार कशी? आपल्याकडे मंजुरी मिळते ती कंपनीच्या मॉडेलला, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत नमुना तपासून. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदलेल्या गाडीतही मूळ रचनेबाहेरचे बदल करता येणार नाहीत असे सांगितले, आणि मला ते पटते. पण एकट्याने एकच गाडी बनवणाऱ्याला आपल्याकडे दारच नाही.

इंग्लंडमध्ये अशा एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, पट्टे, धूर, अगदी बाहेर आलेल्या धारदार कडासुद्धा. पास झाली तर नंबर, नाही तर सुधारून आणा. आपल्याकडे हे का नसावे? लोक म्हणतील, मग गल्लोगल्ली जुगाड फिरतील. अहो, ते आत्ताही फिरतात! जादा पाटे घालून दुप्पट माल भरलेले टेम्पो रोज दारावरून जातात. दार नसले की काम थांबत नाही, चोरवाट तयार होते. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत आमच्या आचोळ्यातल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या. त्या एका रात्रीत उभ्या राहिल्या नव्हत्या, उभ्या राहताना सगळ्यांनी पाहिल्या होत्या. तपासणी आधी व्हायला हवी, हातोडा शेवटी.

माझ्या विद्यार्थ्याला सूट नको आहे. त्याला कोणीतरी कडक परीक्षा घ्यायला हवी आहे. चाळीस वर्षे शिकवून मला एवढे कळते की परीक्षेला बसू द्या म्हणणारा मुलगा लबाड नसतो.

आसाचेही तेच आहे. हलू द्यायचे नाही असे म्हणून पक्का बांधला तर गाडी उड्या मारते, मोकळा सोडला तर शेपूट भरकटते. हलू द्यावे, पण कुठवर ते ठरवून. कायद्यालाही एवढी भूमिती जमावी.

गाडी अजून गाळ्यातच आहे. येत्या रविवारी मी त्याच्याकडे जाणार आहे. अकरानंतर नव्हे, सकाळी. गाळ्यामागच्या आवारात एक फेरी मारू म्हणतो.