न लागलेले दही

गेल्या श्रावणात आमच्या घरी सलग तीन दिवस दही लागले नाही. सकाळी झाकण काढावे, तो दूध जसेच्या तसे! असा प्रसंग या घरी पूर्वी आला नसल्यामुळे प्रत्येकाने आपापले निदान सांगितले. वहिनींच्या मते तिन्हीसांजेस कोणास तरी विरजण दिले गेले, त्याचे हे फळ. आम्ही पावसाळी गारठ्यास दोष देऊन मोकळे झालो. सूनबाईंनी मात्र वाद न घालता तिसऱ्या रात्री शेजारून ताजे विरजण आणले आणि दोन भांडी सारख्याच उबेस ठेविली. एकात रतिबाचे दूध, दुसऱ्यात डेअरीच्या पिशवीतील. सकाळी दुसऱ्या भांड्यातील दही घट्ट लागले होते. पहिल्यातील दूध तसेच. विरजण निर्दोष ठरले, गारठाही ठरला, आणि आमचे निदान निकालात निघाले.

यज्ञकर्मात सायंकाळचे दूध विरजण्यासाठी जे द्रव्य घालीत, त्यास ‘आतंचन’ अशी संज्ञा आहे. परंतु त्या द्रव्यात सजीव नांदतात, हे कळावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. दूध आंबविणारे सूक्ष्म जीव 1857 साली लुई पाश्चर यांनी दाखवून दिले. 1878 साली जोसेफ लिस्टर यांनी त्यांतील एक जात शुद्ध स्वरूपात वेगळी केली. हे जीव दुधातील शर्करा खाऊन दुग्धाम्ल निर्माण करतात. आम्लता वाढत सामू 4.6 च्या सुमारास आला, म्हणजे दुधातील केसीन नावाचे प्रथिन घट्ट गोठते; तेच दही. कढत दुधात हे जीव मरतात, थंडगार दुधात निजून राहतात. 40 अंशांच्या आसपासची ऊब त्यांस मानवते.

मग रतिबाच्या दुधातच असे काय होते? गवळी प्रथम गप्प राहिला. मग संकोचाने म्हणाला, “म्हशीला दगडी झाली होती, गुरुजी. डॉक्टरांनी सडातून औषध सोडलं.” ते औषध पेनिसिलीनच्या वर्गातील होते. कासेत सोडलेले असे औषध दुधात उतरते, उकळल्याने पुरते नष्ट होत नाही, आणि विरजणातील जीव त्यापुढे फारच दुर्बळ. म्हणूनच औषधावर सांगितलेली मुदत संपेपर्यंत त्या जनावराचे दूध विकावयाचे नसते. पेनिसिलीनचे वावडे असणाऱ्यास ते अपाय करू शकते. शिवाय अशी औषधे वारंवार पोटात गेल्यास त्यांस न जुमानणारे रोगजंतू बळावण्याचे भय असते.

हे ऐकून आम्ही खजील झालो. कारण तीन दिवस ताकावाचून जेवण गोड लागत नाही म्हणून कुरकुरत असता, तेच दूध चार वर्षांच्या नातवास आम्ही आग्रहाने पाजीत होतो.

गवळ्यावर रागावणे सोपे होते. परंतु चार दिवसांचे दूध ओतून द्यावयाचे, तर त्याच्या घरची चूल कशी पेटावी? अखेर असे ठरले की, जनावर औषधावर असल्यास त्याने आपण होऊन सांगावे व दूध घालू नये. त्या दिवसांचा रतीब आम्ही चुकता करू. हा करार उभयपक्षी पाळला जात आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. दही न लागण्यास इतरही कारणे असतात. आणि दही लागले म्हणून दूध निर्दोष, असेही समजू नये. दूध नीट उकळावे, भांडे व चमचा कढत पाण्याने धुवावा, ऊब पाहण्यासाठी दुधात बोट बुडवू नये. सोवळ्यातील बोटासही जंतू असतातच.

असो. वहिनी अद्यापि तिन्हीसांजेस विरजण देत नाहीत, आणि आम्हीही त्यांस छेडीत नाही. दही लागले नाही तर विरजण फेकून देण्यापूर्वी एक रात्र दोन भांडी मांडून पाहावीत, एवढीच वाचकांस विनंती.