पायथन, जावा आणि मामांचा धुरा

गूगलवर नुसतं 'पायथन' टाकलं की साप येतच नाही, प्रोग्रामिंगच येतं. जावाचंही तेच, बिचारं बेट कुठल्या कुठे हरवलंय. म्हणून मे महिन्यातल्या एका शनिवारी मुद्दाम सापच शोधायला बसलो आणि सावूचा अजगर सापडला.

सावू (साबूही म्हणतात, चाचा चौधरीतला नव्हे!) हे इंडोनेशियातलं, सुंबा आणि तिमोरच्या मधलं बेट. बृहन्मुंबईपेक्षाही लहान. हा अजगर निसर्गात फक्त तिथेच. पिल्लं विटकरी, मोठा झाला की काळपट, आणि डोळे पांढरे, भुतासारखे. लगेच दोन-चार मित्रांना लिंक पाठवली. 'किती दुर्मिळ!' वगैरे.

त्याच आठवड्यात राळेगावहून मामांचा फोन.

"धुऱ्यावर अजगर निंघाला होता बे. पोट्टे आले, पोत्यात घालून जंगलात सोडून आले. फोटो पाठवले, पाय."

"मामा, खाली अंडी होती का?"

"होती ना. पंधरा-वीस. कुत्र्यांनी फोडली."

अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून साधारण दोन महिने बसते. ऊब कमी पडली तर अंग थरथरवून स्वतः उष्णता तयार करते. फार थोड्या सापांना हे जमतं. तिला विषही नसतं. म्हणजे पोट्टे तिला 'वाचवत' होते तेव्हा... असो. त्यांना शिव्या देणार नाही, पूर्वी लोक सरळ काठीच घालायचे. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच रांगेत. परवानगीशिवाय पकडणं हीसुद्धा कायद्याच्या लेखी शिकारच. अशा वेळी वनखात्याच्या १९२६ वर फोन करावा, आणि माझ्या मते अंडी असतील तर त्यांनीही तिला तिथेच राहू द्यावं.

राळेगाव म्हटलं की लोकांना बोराटीच्या जंगलात २ नोव्हेंबर २०१८ ला मारलेली अवनी वाघीण आठवते. तेव्हा देशभर गदारोळ झाला. अजगराची बातमी होत नाही, कारण तो म्हणे सगळीकडे असतो. सगळीकडे म्हणजे कुठे हो? चहूकडे कपाशी आणि तूर, मध्ये एखादा नाला, बोरी-बाभळींनी भरलेला धुरा, साळींदराचं जुनं बीळ. एवढीच त्याची जागा. हे बेट नाही तर काय? सावूभोवती निदान समुद्र आहे, तो कोणी जेसीबी लावून शेतात घेत नाही. मामांच्या शेजारचा धुरा गेल्या उन्हाळ्यात असाच गेला.

मामांना म्हटलं, तेवढा कोपरा राहू द्या, उंदीर तरी खाईल. ते हो म्हणाले. मागून मामींचा आवाज आला, "अन् बकरी गेली तं पैसे तू पाठवशील का पुण्याहून?"

अजून उत्तर दिलेलं नाही.