रानभाजीचा गुण हंगाम आणि जागेवर

सन्माननीय संपादक,

‘रानभाजी केव्हाही, कुठूनही तोडा, गुण तेच’ हे आपल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. तरोटा पावसाळ्याच्या सुरुवातीला, कोवळा असतानाच खातात. फुलावर आला की पाला जून होतो. घोळ तर दिवसभरातही बदलते. पाण्याचा ताण पडला की ती रात्री मॅलिक आम्ल साठवते, म्हणून पहाटे खुडलेली संध्याकाळपेक्षा आंबट लागते. उन्हातल्या पानांत सावलीतल्यापेक्षा क जीवनसत्त्व सहसा जास्त असते.

जागाही पाहायलाच हवी. आमच्या मनीषनगरात रिकाम्या प्लॉटवर घोळ उगवते. पण सांडपाण्याच्या नाल्याकाठची भाजी शिसे, कॅडमियमही शोषू शकते. कृषी विभागाने रानभाजी महोत्सवात प्रत्येक भाजीपुढे खुडणीचा हंगाम आणि जागा लिहून लावावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, मनीषनगर, नागपूर